बुर्गम्युलरच्या २५ एट्यूड विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड करताना

पियानो शिकणाऱ्या मुलांच्या हातात दोन-तीन वर्षांत बुर्गम्युलरचं ऑपस १००, म्हणजे पंचवीस एट्यूडचं (सरावासाठी रचलेल्या छोट्या रचनांचं) पुस्तक, येतंच. मग मुलं घरी जाऊन त्यातला पीस इंटरनेटवर शोधतात, आणि बहुतेक वेळा जे सापडतं ते एक तर फार वेगात वाजवलेलं असतं, नाहीतर संगणकाने नोटेशन वाचून काढलेला सपाट आवाज असतो. पहिलं ऐकून मूल घाबरतं, दुसरं ऐकून तसंच सपाट वाजवायला लागतं. आम्ही दोघं पुण्यात पियानो शिकवतो. २०२३ च्या जूनमध्ये ठरवलं की पंचवीसच्या पंचवीस एट्यूड आपणच रेकॉर्ड करायच्या, आणि प्रत्येक एट्यूड दोन वेगांत वाजवायची. शेवटच्या फाइल्स मुलांकडे पोचायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. असं काही करायचं मनात असलेल्या शिक्षकांना कुठे वेळ जातो, कुठे पैसे जातात आणि कुठे अडायला होतं हे आधी कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहोत.

पहिला महिना पुस्तकातच गेला. फ्रीडरिश बुर्गम्युलर १८०६ मध्ये जर्मनीत रेगेन्सबुर्गला जन्मला, पुढे पॅरिसला स्थायिक झाला आणि १८७४ मध्ये वारला. या एट्यूड १८५० नंतर लगेचच छापल्या गेल्या. लहान हातांचा आवाका डोळ्यांसमोर ठेवून रचल्या आहेत आणि बोटंही (कुठला स्वर कुठल्या बोटाने, त्याचे आकडे) त्याच हिशोबाने लिहिली आहेत, असं मूळ मुखपृष्ठावरच सांगितलेलं होतं. भारतीय कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना कॉपीराइटमधून मोकळी होते, युरोपात ७० वर्षांनी. म्हणजे रचनेची काहीच अडचण नाही. अडचण पुस्तकाची असू शकते. अलीकडच्या संपादकाने घातलेली बोटं, स्लर (स्वर जोडून वाजवायच्या कमानी), पेडलच्या खुणा, प्रस्तावना यांवर त्याचा किंवा प्रकाशकाचा हक्क असू शकतो. वादनाच्या ध्वनिमुद्रणात बोटांचे आकडे ऐकू येत नाहीत, पण व्हिडिओत पान दाखवायचं असेल तर हा प्रश्न येतो. म्हणून आम्ही इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्तीच्या स्कॅनवरून वाजवलं आणि तेच पान दाखवलं. मुलांकडची पुस्तकं वेगवेगळ्या प्रकाशकांची असतात. स्लर आणि पेडल आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा आपण कुठली आवृत्ती धरली हे प्रत्येक फाइलच्या वर्णनात लिहावं. नाहीतर ‘माझ्या पुस्तकात असं नाही’ हा प्रश्न दर आठवड्याला येत राहतो.

आमच्या दोघांतही एक साधं पत्र केलं: वाजवलं कोणी, रेकॉर्ड केलं कोणी, आणि नाव देऊन कोणालाही मोफत वापरता येईल अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याला दोघांची संमती आहे. एक पान, दोन सह्या, तारीख. पुढे या कागदाचा उपयोग झाला.

वेग ठरवायला मात्र सगळ्यात जास्त चर्चा लागली. पहिल्या एट्यूडवर आणि दुसऱ्या, म्हणजे अराबेस्कवर, क्रॉचेटला (एका ठोक्याच्या स्वराला) मिनिटाला १५२ असा मेट्रोनोमचा आकडा छापलेला आहे. अराबेस्कमध्ये एका ठोक्यात चार सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याचे स्वर) आणि मागून एक क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचा) आहे. पियानो परीक्षेच्या ग्रेड दोन-तीनच्या मुलाने त्या वेगाने वाजवायला घेतलं की पाच स्वरांचा गुच्छ चुरगळतो, आणि उत्तरार्धात तोच गुच्छ डाव्या हाताकडे जातो तेव्हा चौथं-पाचवं बोट मागे पडतं. आम्ही अराबेस्कचा पूर्ण वेग १३० च्या आसपास आणि सरावाचा ८० ठेवला. पहिल्या एट्यूडला ११६ आणि ७६. बाकीच्यांचे वेगही असेच, वर्गातली मुलं प्रत्यक्षात कुठपर्यंत पोचतात ते बघून ठरवले. आमच्या मते छापील आकडा गाठणं हे या एट्यूडचं ध्येय नाही. लिहिणारा माणूस पॅरिसमध्ये बॅलेसाठी संगीत देणारा होता. प्रत्येक पीसला नाच, चाल किंवा चित्र आहे, आणि ते ज्या वेगात दिसतं तो वेग खरा.

मग प्रश्न आला की मंद वेगाचं वेगळं वाजवायचं कशाला, सॉफ्टवेअरने पूर्ण वेगाची फाइल ताणली तर काय बिघडतं? बरंच बिघडतं, आणि या सगळ्या कामामागचं आमचं मुख्य कारण तेच आहे. पियानोचा स्वर ठोका पडल्यापासून विझायला लागतो. फाइल ६० टक्के वेगावर आणली की पट्टी तीच राहते, पण स्वर विझण्याचा काळही ताणला जातो, ठोक्याची धार पसरते आणि स्टॅकाटो (तोकडा, तुटक वाजवलेला स्वर) लांबतो. खऱ्या पियानोवर न येणारा आवाज मूल नमुना म्हणून ऐकतं. अराबेस्कच्या सुरुवातीला डाव्या हाताचे दोन बार (तालाचे खंड) नुसते स्टॅकाटो कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आहेत. मंद वेगात ते पूर्ण वेगाइतकेच तोकडे वाजवायचे असतात, फक्त त्यांच्यामधली शांतता वाढते. चार सेमीक्वेव्हरनंतरच्या क्वेव्हरवर मनगट उचललं जातं, तो श्वासही मंद वेगात हलकाच राहायला हवा. हे माणसाने वाजवल्याशिवाय येत नाही.

जुलैत हॉल बघायला लागलो, पण रेकॉर्डिंग दिवाळीनंतरच करायचं हे नक्की होतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढली की पियानोचा साउंडबोर्ड (आवाज वाढवणारी लाकडी फळी) फुगतो, तारांवरचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. तोही सगळीकडे सारखा नाही, मधल्या सप्तकांत जास्त. काही पट्ट्या दाबल्यावर वर यायला उशीर करतात, कारण आतली फेल्ट आणि लाकूड ओलं होऊन घट्ट बसतं. शिवाय पुण्यात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो, आणि कुठलाही माइक तो वगळू शकत नाही.

हॉल एका शाळेचा मिळाला. तिथे छोटा ग्रँड पियानो होता. प्रक्रिया अशी: मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, त्यात कारण, तारखा, वेळ आणि सोबत येणाऱ्यांची नावं, दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती, अर्ज संस्थेच्या कार्यालयाकडे, तिथून समितीच्या बैठकीपुढे. बैठक महिन्यातून एकदा होत असल्याने उत्तर यायला सप्टेंबर उजाडला. अनामत ५,००० रुपये, अर्ध्या दिवसाचं भाडं २,०००, वीज त्यातच. अर्जात ‘पियानो ट्यून करून घेण्याची परवानगी’ हे स्वतंत्र वाक्य जरूर घालावं. हॉल वापरायची परवानगी म्हणजे पियानो उघडायची परवानगी नव्हे, आणि ट्यूनर दारात आल्यावर हे कळलं तर त्याची फेरी वाया जाते. दुसरं, पंखे आणि ट्यूबलाइट बंद करायचे असतील तर बटणं कुठे आहेत आणि किल्ली कोणाकडे, हे शिपाईमामांना आदल्या दिवशी विचारून ठेवावं.

ट्यूनर ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्यांदा आला. बरीच वर्षं हात न लागलेला पियानो सगळाच्या सगळा उतरलेला असतो. त्याला एका बैठकीत ए ४४० या प्रमाण पट्टीवर आणून लगेच रेकॉर्ड करता येत नाही. सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा. डावीकडच्या तारा ओढून झाल्या की उजवीकडच्यांचा ओढा बदलतो आणि सगळं पुन्हा थोडं सरकतं. म्हणून आधी ढोबळ चढवणं, मग तीन-चार आठवडे थांबणं, मग बारीक ट्यूनिंग. दोन्ही वेळचे मिळून ७,००० रुपये गेले. त्याच पैशांत त्याने पेडलचा करकरणारा सांधा दुरुस्त केला आणि दोन-तीन कडक झालेल्या हातोड्यांची फेल्ट सुईने टोचून मऊ केली. बारीक ट्यूनिंग नोव्हेंबरच्या शेवटी ठरलं होतं, पण तेव्हा अवकाळी पाऊस झाला आणि आर्द्रतामापकाचा काटा पुन्हा चढला. आम्ही ते आठवडाभर पुढे ढकललं. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक पियानोजवळ ठेवावा; काटा ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असेल तेव्हाचं ट्यूनिंग टिकतं.

ट्यूनिंगनंतर लगेच एक काम करायचं: खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी जोरात वाजवायची आणि दुसऱ्याने हॉलमध्ये फिरत ऐकायचं. कुठल्या तरी एका स्वराला भिंतीवरची तसबीर, कपाटाची काच किंवा स्टेजवरचा स्टँड थरथरतो. आमच्याकडे मधल्या सप्तकाच्या बी फ्लॅटला खिडकीची काच वाजत होती. कागदाची घडी खोचल्यावर थांबली. रेकॉर्डिंगमध्ये ही थरथर पियानोतूनच आल्यासारखी वाटते आणि नंतर काढता येत नाही.

माइक भाड्याने घेतले: छोट्या डायफ्रामच्या कंडेन्सर माइकची जुळलेली जोडी, स्टँड, केबल आणि दोन चॅनेलचा इंटरफेस, दिवसाला १,८०० रुपये. एका पट्टीवर दोन्ही माइक १७ सेंटीमीटर अंतराने आणि ११० अंशांत बाहेरच्या बाजूला वळवून लावले. झाकण पूर्ण उघडं, माइक पियानोच्या वळणापासून पावणेदोन मीटरवर, उंची साधारण एक मीटर साठ. यापेक्षा जवळ गेलं की हातोड्यांची खटखट आणि डॅम्परचा (तारेचा नाद थांबवणाऱ्या फेल्टचा) फुसकारा ऐकू येतो. लांब गेलं की हॉलचा घुमारा वाढतो आणि लेगाटो (जोडून वाजवणं) आणि स्टॅकाटो यांतला फरक पुसला जातो. मैफलीच्या रेकॉर्डिंगला थोडा घुमारा शोभतो. विद्यार्थ्याला मात्र बोट पट्टीवरून कधी उठलं ते ऐकू यायला हवं, म्हणून आम्ही जवळच्या बाजूला झुकलो. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी ठरवायला शेवटची एट्यूड घेतली, कारण तिच्या मार्चमध्ये सगळ्यात मोठा आवाज आहे. तिचं टोक उणे १० डेसिबलच्या खाली राहील अशी नॉब लावली आणि मग सगळ्या बैठका होईपर्यंत तिला हात लावला नाही.

आवाजांची यादी आधीच करून ठेवली होती. पंखे बंद. ट्यूबलाइट बंद, कारण चोकची घरघर माइकमध्ये येते. टेबलावरचा एलईडी दिवा पुरतो. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे विजेच्या जोडणीतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण टळते आणि वीज गेली तरी टेक (एका खेपेचं रेकॉर्डिंग) वाया जात नाही. बाकाचे नट आवळलेले. पानं पुठ्ठ्यावर चिकटवलेली, म्हणजे उलटायला नकोत. बहुतेक एट्यूड एक-दोन पानांतच संपतात. राहिले पारवे. त्यांच्यासाठी सकाळी साडेसहाऐवजी नऊला सुरुवात केली, तेव्हा ते वळचणीतून उडून गेलेले असत.

रिकाम्या हॉलमध्ये लाल दिवा लागला की वर्गात हजारदा वाजवलेला पीससुद्धा परका वाटतो. त्यावर उपाय म्हणून क्रमांकाने जायचं नाही असं ठरवलं होतं. ट्यूनिंग ताजं आणि हात ताजे असताना नववी, विसावी, पंचविसावी अशा दणकट एट्यूड. मग गाणाऱ्या, म्हणजे तिसरी, दहावी, एकोणिसावी. आणि मंद आवृत्त्या दिवसाच्या शेवटी. मंद वाजवायला बोटांची ताकद कमी आणि लक्ष जास्त लागतं, आणि पूर्ण वेगाचा पीस कानात ताजा असला की मंद आवृत्तीत त्याचा डौल टिकतो. प्रत्येक टेकच्या आधी तोंडाने क्रमांक आणि टेकचा आकडा सांगायचा, दुसऱ्याने पुस्तकाच्या प्रतीवर कुठल्या बारमध्ये काय झालं ते पेन्सिलीने लिहायचं. मेट्रोनोम आवाज बंद करून नुसत्या दिव्यावर. मंद आवृत्तीच्या सुरुवातीला एक बार मोजून दिला आहे, पुढे ठोका नाही. पीसभर मेट्रोनोम वाजत राहिला तर मूल त्या टिकटिकीला धरतं आणि फ्रेझ (सुरांचं एक वाक्य) संपताना घ्यायचा श्वास विसरतं.

काही एट्यूडना मंद वेगात वेगळा विचार लागला. पंधरावी, बॅलड, सी मायनरमध्ये आहे: उजव्या हातात पुन्हापुन्हा येणारे हलके कॉर्ड, डाव्यात खालून सरपटणारी सेमीक्वेव्हरची ओळ. वेग उतरवला की उजवा हात जड होतो आणि रहस्य जातं. पट्टी पूर्ण वर येऊ न देता पुन्हा दाबली तर कॉर्ड हलके राहतात. हे ग्रँडवर जमतं, कारण त्याच्या यंत्रणेत पट्टी अर्ध्यातून पुन्हा हातोडी उचलू शकते. उभ्या पियानोवर पट्टी बरीच वर यावी लागते. बहुतेक मुलांच्या घरी उभा पियानो किंवा डिजिटल असतो, म्हणून बॅलडची मंद आवृत्ती आम्ही मुद्दाम उभ्या पियानोला झेपेल अशा वेगात ठेवली.

एकविसाव्या एट्यूडमध्ये तुटक कॉर्ड एका हातातून दुसऱ्या हातात लाटेसारखे जातात. तिथे प्रश्न पेडलचा. हार्मनी बदलली की पेडल बदलायचं हा नियम दोन्ही वेगांत तोच. पण मंद वेगात लाटेचा पहिला स्वर शेवटच्या स्वरापर्यंत बराच विझतो, आणि तो टिकवायला मुलं पहिल्याच स्वरावर जोर देतात. रेकॉर्डिंगमध्ये आम्ही तो विझू दिला आहे. तसाच विझलेला ऐकू यावा ही इच्छा आहे.

हात वेगळे करून वाजवलेल्या फाइल्सही केल्या, पण सगळ्यांच्या नाही. अठराव्या एट्यूडमध्ये उजवा हात ठोक्यावर गप्प असतो आणि लगेच मागून येतो. त्याला एकटा वाजवला तर ऐकणारा पहिल्याच स्वराला ठोका समजतो आणि पूर्ण पीस उलटा पाठ होतो. म्हणून तिथे नुसता डावा हात आणि मग दोन्ही. चोविसाव्यात हात एकमेकांवरून जातात; तिथे ऐकून काही कळत नाही, म्हणून फोन स्टँडवर लावून वरून व्हिडिओ घेतला.

बैठका जानेवारीच्या मध्यात संपल्या. प्रत्येक दिवसाच्या शेवटी सगळे गप्प राहून अर्धा मिनिट रिकाम्या हॉलचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. जोड देताना मधली शांतता भरायला तोच लागतो. डिजिटल शून्य टाकलं तर कानाला खड्डा जाणवतो. जोड शक्यतो नव्या फ्रेझच्या पहिल्या ठोक्याच्या अगदी आधी, पाच-दहा मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक टेक विझताना दुसरा चढवून). पेडल दाबलेलं असताना जोड देऊ नये; आधीच्या टेकचा उरलेला नाद एकदम बदलतो. शेवटचा कॉर्ड पूर्ण विझेपर्यंत ठेवावा, घाईने फेड करू नये. ज्या फाइल्समध्ये जोड आहेत तसं वर्णनात लिहिलं आहे. हल्ली ग्रेडच्या परीक्षा व्हिडिओ पाठवूनही देता येतात, आणि तिथे सलग, न कापलेलं वादन लागतं. मुलांनी जोडलेल्या टेकशी स्वतःच्या सलग वादनाची तुलना करून खचू नये.

कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणं) लावलं नाही. सगळ्या २५ एट्यूडचा आवाज एकत्र, सारख्याच प्रमाणात वाढवला. प्रत्येक फाइल वेगळी वाढवली असती तर एकोणिसाव्या प्रार्थनेसारख्या पीसचा पियानो (हळुवार आवाज) आणि पंचविसाव्याचा फोर्टे (मोठा आवाज) सारखेच ऐकू आले असते. जपून ठेवायला फ्लॅक, वाटायला ३२० केबीपीएस एमपी३. फाइलच्या नावात ऑपस, दोन आकडी क्रमांक आणि वेग: १००-०२-मंद, १००-०२-पूर्ण. ‘२’ ऐवजी ‘०२’ लिहिलं नाही तर फोनवर दोननंतर वीस येतो.

फेब्रुवारीत फाइल्स एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर चढवल्या आणि दोनच दिवसांत काहींवर कॉपीराइटचा दावा आला. स्वयंचलित यंत्रणा ध्वनीची तुलना करते, आणि तेच स्वर जवळपास त्याच वेगात असले की दुसऱ्या कोणाच्या तरी नोंदवलेल्या रेकॉर्डिंगशी जुळवून टाकते. स्वतःच्या वादनावर परक्याचं नाव बघून जीव कळवळतो, पण दावा मान्य करू नये आणि व्हिडिओ काढूनही टाकू नये. हरकत नोंदवताना आम्ही चारच गोष्टी लिहिल्या: संगीतकाराचा मृत्यू १८७४ मध्ये झाला असून रचना मोकळी आहे, वादन आणि ध्वनिमुद्रण आमचं स्वतःचं आहे, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि जागा, मूळ न जोडलेल्या फाइल्स आणि दोघांच्या सहीचं पत्र उपलब्ध आहे. कायद्याची लांबलचक भाषा नको. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. काही दावे आठवड्यात मागे घेतले गेले, बाकीच्यांना उत्तरच आलं नाही आणि मुदत संपल्यावर ते आपोआप गेले. शेवटचा गेला तेव्हा मोठं ओझं उतरलं. मुळातल्या टेकच्या फाइल्स निदान तोपर्यंत पुसू नयेत.

हॉल, ट्यूनर, माइक आणि किरकोळ धरून पंचवीस हजारांच्या वर खर्च आला. अनामत परत मिळाली.

मुलांना फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे नाव आणि दर्जा जसाच्या तसा राहतो. आणि पालकांना एक सांगावं लागतं: फोनच्या स्पीकरला खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. बॅलडचा डावा हात तिथे गायब होतो आणि मूल उजव्या हाताचे कॉर्डच चाल समजून बसतं. साधा वायरचा इअरफोन लावला तरी पुरतं.